ग्यानूचा गुडघा

चौदा वर्षांच्या एका मुलाला मी भर तालमीत, सगळ्या पोरांच्या देखत अंगचोर म्हटले. तेवढ्यावर थांबलो नाही. खुंटीवरचा त्याचा लंगोट काढून दाराबाहेर टाकला आणि त्याच दिवशी पत्र लिहून तेच त्याच्या वडिलांना कळवले. ते तेव्हा पलटणीबरोबर समुद्रापार लढाईवर होते. मुलगा अंगचोर नव्हता. त्याचा गुडघा दुखत होता. का दुखत होता हे कळायला लागणारी सगळी माहिती माझ्याच अक्षरात, माझ्याच पेटीतल्या एका वहीत लिहिलेली होती. मी ती वही उघडून वाचली नाही, एवढाच माझा गुन्हा. पण तो लहान नाही.

संपादकांनी तालमीतल्या गमतीजमती लिहून मागितल्या आहेत. त्याही सांगतो. त्या सांगता सांगता हेही येईल, कारण माझ्या नोकरीतून ग्यानूचा गुडघा वेगळा काढता येत नाही.

सांगलीपासून थोड्या कोसांवर कृष्णाकाठच्या एका गावी मी हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. माझे मूळ गाव वडूजकडचे, कोरडवाहू मुलखातले. जवानीत चार फडांत कुस्त्या केल्या होत्या, म्हणून शाळेच्या वसतिगृहाला लागून असलेली तालीमही माझ्याच गळ्यात आली. सकाळी वस्ताद, दुपारी मास्तर. पोरे दोन्हीकडे मास्तरच म्हणत.

ज्यांनी तालीम आतून पाहिली नाही त्यांना वाटते, वस्ताद म्हणजे डाव शिकवणारा माणूस. खरे तर डाव थोरली पोरेच धाकट्यांना शिकवतात. वस्तादाचे काम पाहण्याचे. कोण उपाशी आला, कोणाचे डोळे झोपेने जड आहेत, कोणाची जीभ पांढरी आहे, कोणाला घाम नेहमीपेक्षा लवकर फुटला, कोण घरून भांडून आला आहे. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या हौदातल्या तांबड्या मातीत पोरे घुमत असतात आणि कडेला बसून वस्ताद त्यांची अंगे वाचत असतो. जोर आणि बैठका किती काढल्या ते पोरे मोजतात. कशा काढल्या ते वस्ताद पाहतो.

मला यातच एक खोड लागली, मापे घेण्याची. मुलगा नेमका कधी वाढतो, हे मला लहानपणापासून कोडे होते. माझे वस्ताद म्हणत, "पोरगं झोपंत वाढतंय रं." पण एकाच जाजमावर झोपणाऱ्या दोघांतला एकच का वाढतो, हे त्यांनी सांगितले नाही. म्हणून मी तालमीच्या भिंतीवर प्रत्येक पोराची उंची कोळशाने आखू लागलो. वर्षातून चार वेळा: पाडवा, नागपंचमी, दसरा, संक्रांत. दोन रेघांतले अंतर बोटांनी मोजून वहीत लिहायचे. वजनासाठी तवनाप्पा नावाच्या एका गुळाच्या अडत्याने आपला काटा दिला होता. बाजार नसलेल्या दिवशी पोरांना वखारीत न्यायचो. ढेपा ठेवतात त्या फळीवर एकेक पोरगा मांडी घालून बसायचा आणि वखारीतला हमाल ओरडायचा, "मास्तर, ह्यो माल वला हाय. वाळवून आणा!"

चार-पाच वर्षे हा उद्योग केल्यावर काही गोष्टी मला दिसू लागल्या. सगळ्यात आधी पाऊल वाढते. आई तक्रार करू लागली की नवी वहाण तीन महिन्यांत तोकडी झाली, म्हणजे समजावे, हा आता उंच होणार. मग नडग्या, मग मांड्या, आणि सगळ्यांच्या मागून पाठ व छाती. त्या दिवसांत मुलगा बगळ्यासारखा दिसतो. हाताशी असलेले डाव विसरतो, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो. एखाद्याच्या घराचा उंबरा रातोरात उंच झाला तर तोही ठेचाळेलच. हे सगळे मी वहीत लिहीत होतो. लिहून वही मिटून ठेवत होतो.

लढाईच्या त्या वर्षांत तालमीत एक नवेच गिऱ्हाईक येऊ लागले, भरतीला निघालेले तरुण. पलटणीत घेताना छाती मोजतात, श्वास भरून आणि सोडून. त्यासाठी पंधरा दिवसांत छाती वाढवून द्या, असे त्यांचे मागणे. एकाला मी श्वास भरून धरायला शिकवले. त्याने तो इतका मनावर घेतला की फीत लावणाऱ्या साहेबाच्या तोंडावरच त्याला ठसका लागला. परत येऊन म्हणाला, "मास्तर, छाती भरली हुती, पर सायबाच्या मिशा बघून फुटली." पुढच्या खेपेला त्याला घेतले. तो सुखरूप परत आला आणि अजून भेटला की ठसकून दाखवतो.

दुसरी गोष्ट तवनाप्पांच्या मुलाची, भूपालची. घर जैनांचे, नेमधर्माचे. चातुर्मासात दिवस मावळला की तोंडात काही घालायचे नाही, आणि सकाळीही ऊन चांगले वर आल्याशिवाय नाही. आमची तालीम तर तांबडे फुटायच्या आधीची. श्रावणात भूपाल हौदात दोन वेळा भोवळ येऊन पडला. मी त्याला म्हटले, "झोपताना पेलाभर दूध घेत जा. कोण बघतंय?" त्याने घरी जाऊन ते जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याची आई पदर सावरत तालमीच्या दाराबाहेर उभी. बायका तालमीत येत नाहीत, म्हणून मीच बाहेर गेलो.

"मास्तर, पोराला चोरून प्यायला तुमी शिकवलंसा?"

"अहो, त्याच्या जिवासाठी म्हणालो."

"आमचा नेम बदलायचा न्हाई. तुमची येळ बदला की. ती काय देवानं लावलीया?"

मला राग यायला हवा होता. पण खरे सांगतो, मला कुतूहल वाटले. वेळ बदलली तर काय होईल? मी भूपालला शाळा सुटल्यावर बोलावू लागलो. दुपारचे जेवण पोटात, मेहनत चार वाजता, आणि लगेच घरी जाऊन दिवसाउजेडी पुन्हा जेवण. महिन्याभरात तो आपल्यापेक्षा थोरल्या पोरांना चितपट करू लागला. पहाटेचीच मेहनत अंगी लागते, हे मी इतकी वर्षे ऐकत आणि सांगत आलो होतो. एका बाईने विचारले म्हणून ते तपासले गेले.

पुढे मी स्वतःला पुष्कळदा विचारले की भूपालसाठी मी जेवढे डोके चालवले, तेवढे ग्यानूसाठी का चालवले नाही? भूपालचे वडील काटा देत होते आणि ग्यानूचे वडील लांब होते, म्हणून, असे कोणी म्हटले तर मला धड उत्तर देता येणार नाही.

ग्यानू कडेगावकडचा. घरी चार एकर ऊस, म्हातारा आजा, आई, दोन लहान बहिणी. वडील पलटणीत हवालदार. रजेवर आले असताना त्यांनी स्वतः ग्यानूला वसतिगृहात आणून सोडले होते. बोलणे मोजके. "मास्तर, पोरगं तुमच्या हवाली. शिकंल तितकं शिकवा. अन् अंगानं माझ्यागत झालं तर बरंच." ग्यानू तेव्हा बारा वर्षांचा, ठेंगणा आणि खारीसारखा चपळ. हातात यायचाच नाही. दोन वर्षांत तो तालमीतला माझा सर्वांत लाडका पोरगा झाला. हे लिहिणे बरोबर नाही, वस्तादाला लाडका असू नये, पण होता.

चौदाव्या वर्षी तो वाढू लागला. नागपंचमीची रेघ आणि संक्रांतीची रेघ यांत चार बोटांचे अंतर पडले. मी वहीत लिहिले आणि खूश झालो, की याच्या वडिलांचे म्हणणे खरे होणार. त्याच सुमारास एका सकाळी तो माझ्याजवळ आला.

"मास्तर, गुडघ्याखाली ठणकतंय."

"कुठं?"

त्याने बोट ठेवले. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या माथ्यावर, सुपारीएवढा उंचवटा होता. दाबला तर तो कळवळला. आता तालमीत दुखण्यावर एकच औषध. जिथे दुखते तिथे चोळायचे आणि तिथलेच काम वाढवायचे. रग आहे, कामानेच जिरेल, असे म्हणायचे. लचक, मुरगळ, आखडलेली शीर यांवर मी ते शेकडो वेळा केले होते आणि गुण आला होता. मी तेल कोमट केले आणि ती सुपारी जिरवायला अंगठा लावला. रोज सकाळी. ग्यानू लंगोटाचे टोक दातांत धरून बसायचा. वर मी त्याच्या बैठका वाढवल्या.

गाठ जिरली नाही, वाढली. ग्यानू बैठकांची मोजणी चुकवू लागला. मी पाठ वळवली की उभा राहायचा. जिना उतरताना कठड्याला धरायचा. वर्गात मात्र ठीक, जेवण ठीक, ताप नाही. यातून मी ध्यानात घेतले ते एवढेच, की मुलगा बैठकांच्या वेळी लंगडतो. आणि त्याचा अर्थ मी लावला तो आमच्यातल्या कुणीही लावला असता.

चैत्रात जवळच्या एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड होता. तिथे वजने करत नाहीत. दोन तालमींचे वस्ताद आपापली पोरे खांद्याला खांदा लावून उभी करतात, मनगटे, मांड्या, मान बघतात, आणि दोघांनी मान डोलावली की जोड ठरली. उंचीमुळे ग्यानूला त्याच्याहून एक-दोन वर्षांनी मोठा पोरगा मिळाला. मी मान डोलावली. ग्यानू हळूच म्हणाला, "मास्तर, आज नगं." मी म्हटले, "पळवाटा नको शोधू."

सलामी झाली, हाताला हात लागले. समोरच्याने खाली वाकून त्याच्या पायाला हात घातला आणि ग्यानूचा गुडघा जमिनीवर आदळला. तो ओरडला तो आवाज मी आजही ऐकू शकतो. त्याने झटक्याने पाय सोडवला, उठला, हात वर केला आणि फडातून चालत बाहेर गेला. कुस्ती सोडून. लोक हुर्यो करू लागले. "पळालं रं, पळालं!" आणि समोरच्या तालमीचा वस्ताद, माझा जुना जोडीदार, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मास्तर, पोरगं कुस्ती शिकलंय का ड्रिल? मागं फिर करून गेलं की!"

सगळा फड हसला. मीही हसल्यासारखे केले. आतून पेटलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या पोरांना हौदाभोवती उभे केले. ग्यानूचा लंगोट खुंटीवरून काढला. मैदानावर पोरांना सावधान करायचा माझा जो आवाज आहे, त्या आवाजात म्हणालो, "ह्यो बघा अंगचोर. ह्याला ह्या मातीत जागा न्हाई." बाहेर पडलेला लंगोट उचलताना त्याला वाकता येत नव्हते. एक पाय ताठ ठेवून तो उचलला, हे मी पाहिले. पाहणे हेच माझे काम होते. पाहिले आणि तेही सोंग समजलो.

दोन दिवसांनी त्याचा आजा बैलगाडी घेऊन आला. ग्यानू वसतिगृहात राहायला तयार नव्हता, शाळाही नको म्हणत होता. पेटी गाडीत ठेवून म्हातारा माझ्यापुढे उभा राहिला.

"मास्तर, पोराचा गुडघा बघितलासा?"

"बघितलाय. काही नाही त्याला. मन नाही त्याचं."

"आवं, आदत खोंड कुणी नांगराला जुंपतं व्हय? त्येला आधी दात येऊ द्यावं लागत्यात."

आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला खोंड. आमच्या माणदेश-खटावाकडे खिलार पाळणाऱ्या घरात लहान पोरालाही हे कळते. आधी तोंड उघडून दात बघायचे, मग जू. माझ्या वडिलांनी आदत खोंडाला जुंपल्याबद्दल एका गड्याला घरातून काढले होते. हे सगळे मला ठाऊक होते. तरी मी म्हटले, "बैल वेगळा, माणूस वेगळा."

"व्हय," म्हातारा गाडीवर चढत म्हणाला. "बैलाचं दात तरी दिसत्यात."

पत्र मी त्याआधीच टाकले होते. "आपला मुलगा अंगाने चांगला पण अंगचोर आहे, भर फडातून पळाला, तालमीस कमीपणा आला," असा मजकूर. आपण खरे कळवले, या समाधानात मी त्या रात्री जेवलो.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर दत्तू नावाचा पोरगा माझ्याकडे आला. "मास्तर, हितं दुखतंय." त्याने बोट ठेवले ती जागा तीच. वाटीखाली, नडगीच्या माथ्यावर, सुपारीएवढी गाठ. मी तेल घेतले, अंगठा ठेवला आणि दत्तू ओरडला. तोच आवाज. माझा अंगठा जागच्या जागी थांबला. दोन पोरे एकाच ठिकाणी, एकाच वयात, एकाच आवाजात सोंग कसे करतील?

मी हात धुऊन खोलीवर गेलो आणि वही उघडली. दत्तू, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तीन बोटे. ग्यानू, चार बोटे. मग मी मागे जाऊ लागलो. गुडघ्याचे निमित्त सांगून तालीम सोडलेली आणखी दोन पोरे सापडली. दोघांच्या रेघा त्याच वर्षी उडी मारून गेल्या होत्या. त्यांच्या नावापुढे मी शेरे लिहिले होते. एकापुढे "आळशी". दुसऱ्यापुढे "मन नाही". अक्षर सुबक होते.

दत्तूला घेऊन मी मिरजेला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढवला, खिडकीकडे धरला आणि मला जवळ बोलावले. त्यांना शिकवायची आवड असावी.

"हे नडगीचं हाड. आणि हा वरचा तुकडा बघा, सुटा दिसतोय ना? मोडलेला नाही. या वयात तो अजून पक्का जुळलेलाच नसतो. मांडीचा सगळा जोर एका दोरीनं इथं ओढला जातो. मुलगा भराभर वाढत असला की ती दोरी आधीच ताणलेली असते. त्यात तुम्ही बैठका किती काढता?"

मी आकडा सांगितला.

"म्हणजे तेवढ्या वेळा रोज तुम्ही हा कच्चा तुकडा ओढून पाहता."

"औषध काय, डॉक्टरसाहेब?"

"बैठका बंद. धावणं, उड्या बंद. काही महिने. पोहू द्या, हाताची मेहनत करू द्या. हाड जुळलं की दुखणं जाईल. वय हेच औषध."

मी विचारले, "आणि त्यावर चोळलं तर? जोरानं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या उजव्या अंगठ्याकडे. "किती दिवस चोळलंत?" एवढेच म्हणाले.

परत येताना सगळा रस्ता मला म्हातारा आठवत होता. दात दिसत नव्हते हे खरे. पण भिंतीवरच्या रेघा दिसत होत्या. मी स्वतः ओढलेल्या.

त्यानंतर मी तालमीचे नियम बदलले. ज्याची रेघ दोन बोटांहून जास्त सरकली, त्याच्या बैठका निम्म्या. वाटीखाली दुखले तर अजिबात नाहीत. नदीत पोहायचे, मल्लखांबाला हाताने लोंबायचे. वाढत्या पोराला एक भाकरी जास्त, आणि दूध मिळत नव्हते त्या टंचाईच्या दिवसांत शेंगदाणे, गूळ, भिजवलेले हरभरे. झोप आधी, पहाटेची मेहनत नंतर. शेजारच्या तालमीतले म्हणत, "मास्तरांच्या तालमीत पोरं बाळंतिणीगत जपत्यात." म्हणोत. चार वर्षांत गुडघ्यापायी एकही पोरगा गेला नाही. दत्तू सात महिने हौदात उतरला नाही आणि नंतर माझा सर्वांत चांगला पैलवान झाला. या कामाचा मला अभिमान आहे. तो लपवत नाही.

पण हे सगळे करताना मी मनाशी म्हणत होतो की हीच माझी भरपाई. कडेगाव फार लांब नव्हते. गेलो नाही. मुलगा विसरला असेल. आता जाऊन जुने कशाला उकरायचे. परीक्षा आहेत. पाऊस आहे. अशी कारणे मला चार वर्षे पुरली.

लढाई संपली आणि ग्यानूचे वडील पेन्शनीवर घरी आले. एके दिवशी ते शाळेत मला भेटायला आले. मी त्यांना पाहताच उभा राहिलो. वाटले, आता हे बोलणार. त्यांनी काखेतले पलटणीचे एक जाड कांबळे काढून माझ्या मेजावर ठेवले.

"मास्तर, ह्ये तुमच्यासाठी आणलंय."

"हे कशाला, हवालदार?"

"तुमी खरं कळवलंसा. दुसरा असता तर झाकून ठेवलं असतं. बापाला पोराचं खरं कळाया पायजे. पोरगं नापास निघालं त्यात तुमचा काय दोष?"

त्या क्षणी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "चहा घेता का?" त्यांनी चहा घेतला, रामराम केला आणि गेले. कांबळे मी पेटीच्या तळाशी ठेवले. दोन हिवाळे गेले, थंडी कडक होती, पण ते अंगावर घेण्याचा धीर झाला नाही.

मग कडेगावकडच्याच एका फडात दत्तूची मोठी कुस्ती झाली. त्याने ती मारली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले, मलाही फेटा बांधला. गर्दी पांगल्यावर एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण पुढे आला. वाकून पायाला हात लावला तेव्हा मी ओळखले. ग्यानू. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, दत्तूच्या उघड्या गुडघ्याकडे बघत होता. तिथे तो उंचवटा अजून दिसतो; हाड जुळते, पण गाठ राहते.

"त्येलाबी हाय व्हय?" ग्यानूने विचारले.

"होय."

"अन् त्येचं काय केलं?"

"बसवून ठेवला. सात महिने."

"बरं केलंसा," तो म्हणाला आणि गर्दीत निघून गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

पुढच्या रविवारी मी पेटीतून कांबळे काढले आणि कडेगावची वाट धरली.

ते गुऱ्हाळाचे दिवस होते. मळ्यात चरक फिरत होता, काहिलीत रस उकळत होता, ग्यानू मोठ्या झाऱ्याने वरची मळी काढत होता. वडील तयार गूळ निवायला वाफ्यात ओतणाऱ्या गड्यांवर देखरेख करत होते. आजा लिंबाखाली बाजेवर. आठ-दहा माणसे होती. मला बघून म्हाताऱ्याने कांबळे माझ्या हातून घेतले आणि बसायला बाजेवर अंथरले.

"बसा की, मास्तर. रस घ्या."

"बसायला नाही आलो. हवालदार, मला बोलायचंय. चारचौघांत."

"बोला. चारचौघंच हायेत."

मला वाटेत पाठ केलेले काही आठवेना. मी ग्यानूकडे बघून म्हणालो, "ग्यानू, तू अंगचोर नव्हतास. तुझा गुडघा खरंच दुखत होता. तुझं हाड वाढत होतं आणि मी त्याच्यावर रोज अंगठा दाबत होतो. मला कळायला हवं होतं, मी बघितलं नाही. हवालदार, मी तुम्हाला लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही माझ्या दारी आलात तेव्हाही मी गप्प बसलो. चूक माझी. मला माफ करा."

चरकाचा बैल थांबला होता. झारा काहिलीवर तसाच धरलेला.

"म्या सांगितलं हुतं की न्हाई?" म्हातारा बाजेवरून म्हणाला. "दात!"

"त्ये पत्र आमच्या नायकानं वाचून दावलं," हवालदार म्हणाले. "तंबूत नऊ-धा जण हुतो. समद्यांनी ऐकलं. त्याच दिशी म्या त्याच्याकडनंच पोराला लिवून धाडलं, माझं नाव लावू नगंस म्हणून." त्यांनी ग्यानूकडे पाहिले. घरी आल्यापासून बापलेक एका ताटात जेवले नव्हते, हे मला नंतर कळले. मग ते परेडीवर उभे राहावे तसे ताठ झाले.

"मास्तर, चुलाणात जाळ घालणारं दोघं पल्याड हायेत. त्यास्नी ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं म्हणा."

मी पाय जुळवले. मैदानावर पोरांना सावधान करायचा जो आवाज असतो, ज्या आवाजात हौदाभोवती ते बोललो होतो, त्याच आवाजात म्हणालो, "ग्यानू अंगचोर नव्हता. चूक माझी होती."